आतल्या सपाटीचे काम: वर्धा परिसरातील यंत्रदुरुस्तीचा इतिहास

यंत्राच्या भागावरची सपाटी बाहेरच्या अंगाला असेल, तर ती झिजल्यावर पुन्हा सरळ करणे फारसे अवघड नसते. भाग सोडवायचा, शेपरच्या किंवा प्लेनरच्या टेबलावर बांधायचा आणि वरून एक पातळ थर काढून घ्यायचा. तीच सपाटी एखाद्या पेटीच्या तळाशी, पुलीच्या भोकात, दोन कानांच्या मध्ये किंवा चौकटीच्या आतल्या अंगाला असली की काम बदलते. टूल आत जायला जागा नसते. गेले तरी त्याला मागून आधार मिळत नाही, आणि आधार दिला की कापणारे टोक नजरेआड होते. त्यातच अशी सपाटी बहुधा यंत्राच्या सर्वांत अवजड भागावर असते: इंजिनाचे सिलिंडर, मोठी पुली, रोलिंग मिलचे हाउसिंग. तो भाग वर्कशॉपात नेणे शक्य नसते, म्हणून फिटर आणि यंत्र दोघांनाही त्याच्यापाशी जावे लागते.

वर्धा जिल्ह्यात हे काम गेली दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत चालत आले आहे. वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) आज ओळखले जाते ते १९९० साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि तिथल्या मोठ्या रुग्णालयामुळे. पण या गावाच्या चहूबाजूंना, तासा-दीड तासाच्या वाटेवर, कापसाचे जिन-प्रेस, हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्या, रेल्वेचे फाटे, कोळशाच्या खाणी आणि भूगावचा पोलाद कारखाना असा उद्योगांचा एक पट्टा उभा राहिला. प्रत्येक उद्योगाने दुरुस्तीकाराला आतल्या सपाटीचा आपला वेगळा पेच घातला.

या पट्ट्याची सुरुवात कापसाने झाली. नागपूरपासून वेगळा काढून १८६२ साली वर्धा जिल्हा करण्यात आला, आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले. पुढच्याच वर्षी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणीपर्यंत फाटा गेला. कापूस, कोळसा आणि रेल्वे अशी तिन्ही साधने एका जिल्ह्यात एकत्र आली आणि त्यांच्याबरोबर वाफेचे इंजिन आले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हिंगणघाटला १८८१ मध्ये सूतगिरणी निघाली. पाठोपाठ पुलगावची गिरणी आली, आणि आर्वी, देवळी, वर्धा, हिंगणघाट या बाजारपेठांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

मोठ्या गिरणीला स्वतःचे वर्कशॉप असे. जिन-प्रेसला तसे काही नसे. तिथे एक मिस्त्री, त्याचा हाताखालचा माणूस, एक व्हाइस, काही कानशी आणि छिन्न्या असा संसार. इंजिन विलायतेचे, त्यामुळे मोठा भाग मागवायचा म्हणजे मुंबईमार्गे बोटीची वाट पाहणे आले. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. हंगामात इंजिन थांबले तर आवारात गाड्यांची रांग लागते आणि कापूस उघड्यावर पडून राहतो. म्हणून दुरुस्तीचे दोन प्रकार झाले. हंगामात जे काही करायचे ते जागच्या जागी, एका रात्रीत, हाताने. पावसाळ्यात मात्र इंजिन उघडून, नीट मोजमाप घेऊन, सावकाश काम करता येई. आतल्या सपाटीची कामे या पावसाळी सवडीत होत आणि त्यांतले सर्वांत नाजूक काम स्टीम चेस्टच्या तळाचे होते.

वाफेच्या इंजिनात सिलिंडरच्या अंगाला एक बिडाची पेटी असते, ती स्टीम चेस्ट. तिच्या तळाला तीन आयताकृती फटी असतात. दोन टोकांच्या फटींतून वाफ आळीपाळीने सिलिंडरच्या दोन बाजूंना जाते आणि मधल्या फटीतून वापरलेली वाफ बाहेर पडते. या तीन फटी ज्या सपाटीवर उघडतात तिला पोर्ट फेस म्हणतात. तिच्यावर एक पोकळ, पालथ्या डब्यासारखा स्लाइड व्हॉल्व्ह मागेपुढे सरकतो. पेटीतली वाफ व्हॉल्व्हला पाठीवरून दाबून धरते, आणि त्या दाबामुळेच तो वाफ गळू देत नाही. झीजही त्याच दाबामुळे होते. चौरस इंचाला १०० पौंड दाब आणि ८ इंच बाय १० इंचांचा व्हॉल्व्ह धरला तर त्याच्या पाठीवर ८,००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक भार येतो. फटींतून उलट लागणारा दाब वजा केला तरी उरलेला भार कमी नसतो. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात व्हॉल्व्ह एकदा पुढे आणि एकदा मागे जातो. मिनिटाला शंभर फेरे धरले तर एका तासात बारा हजार वेळा बिडावर बीड घासले जाते. मध्ये असते ती चरबीची किंवा तेलाची पातळ साय आणि बॉयलरच्या पाण्यातून वाफेबरोबर उडून आलेला क्षार.

अशी सपाटी सगळीकडे सारखी झिजत नाही. फटींच्या मधल्या अरुंद पट्ट्यांवर झीज जास्त होते, कडांना कमी. व्हॉल्व्ह जिथपर्यंत पोहोचतच नाही तिथे मूळ पातळी तशीच राहते आणि चालीच्या टोकाला एक उंचवटा तयार होतो. हे ओळखून चांगले कारखानदार पोर्ट फेस आजूबाजूच्या बिडापेक्षा थोडा उंच ठेवत आणि त्याची लांबी व्हॉल्व्हच्या कडा चालीत जिथवर पोहोचतात त्यापेक्षा किंचित कमी धरत. व्हॉल्व्हची कड सपाटीच्या बाहेरपर्यंत गेली की उंचवटा उरत नाही. जुन्या किंवा स्वस्त इंजिनांत ही काळजी नेहमी घेतलेली नसे.

गळती ओळखण्याची रीत सोपी होती. व्हॉल्व्ह मधोमध आणला की दोन्ही टोकांच्या फटी झाकल्या जातात. अशा वेळी पेटीत वाफ सोडायची आणि सिलिंडरच्या तळाच्या तोट्या उघडायच्या. तोटीतून वाफ फुसफुसत आली तर सपाटी गेली असे समजावे. कोळसा जास्त जळतो आणि पट्ट्यावरचा जोर कमी पडतो, ही तक्रार बहुधा त्याआधीच मालकाच्या कानावर गेलेली असे.

दुरुस्ती करायची तर पेटीचे झाकण काढायचे, व्हॉल्व्ह आणि त्याचा दांडा बाहेर घ्यायचा आणि तळाशी हात घालायचा. पेटी खोल असते आणि भिंती जवळ असतात. सरळ कानस आत आडवी बसतच नाही, तिची मूठ भिंतीला लागते. त्यासाठी कानशीचे शेपूट तापवून वाकवीत, म्हणजे मूठ वर आणि दाते तळाशी. मोठा उंचवटा आधी छिन्नीने उडवीत, मग कानस चालवीत. खरे काम त्यानंतर सुरू होई. पोर्ट फेसच्या मापाची एक लहान सरफेस प्लेट, म्हणजे अचूक सपाट केलेली पाटी, घेत, तिच्यावर तेलात कालवलेला शेंदूर बोटाने अगदी पातळ पसरीत आणि ती तळावर ठेवून हलकेच सरकवीत. जिथे शेंदूर उमटेल ती जागा उंच. तेवढीच जागा स्क्रेपरने खरवडायची. स्क्रेपर बहुधा जुन्या कानशीचे दाते घासून काढून केलेला असे. प्लेट पुन्हा ठेवायची, पुन्हा ठिपके पाहायचे. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी मोठे डाग दिसतात. काम पुढे सरकते तसे डाग फुटून लहान होतात आणि सर्वत्र पसरतात. प्रत्येक चौरस इंचात पुरेसे ठिपके दिसेपर्यंत हे चालू राहते. शेंदुराच्या जागी पुढे प्रशियन ब्लू आला. पद्धत तीच राहिली.

या कामात सर्वांत मोठा प्रश्न सपाट करण्याचा नसतो. सपाटी कोणत्या पातळीत आणायची, हा असतो. झिजलेल्या तळाला समांतर सपाटी केली तर ती वाकड्याला वाकडी ठरते. व्हॉल्व्हचा दांडा पेटीच्या भिंतीतल्या ग्लँडमधून, म्हणजे वाफबंद जोडातून, येतो, आणि सपाटी त्या दांड्याच्या रेषेला समांतर हवी. म्हणून जाणता फिटर आधी न झिजलेली जागा शोधतो. व्हॉल्व्ह जिथे पोहोचत नाही ती कड, झाकण बसते तो जोड, ग्लँडचे भोक. या जागा मूळ कारखान्यात एकाच बांधणीत मशीन झालेल्या असतात आणि यंत्राची जन्माची मापे त्यांच्यात टिकून राहतात. तिथून माप घेतले की किती काढायचे आणि कुठे काढायचे हे ठरते. आतल्या सपाटीच्या सगळ्या दुरुस्तीला हा नियम लागू आहे. पुढे यंत्रे बदलली, मोजण्याची साधने बदलली, पण या पायरीला पर्याय निघाला नाही.

दर दुरुस्तीला तळ थोडा खाली जातो. व्हॉल्व्ह दांड्याला घट्ट जोडलेला नसतो, तो एका चौकटीत सैल बसतो, त्यामुळे काही प्रमाणात खाली उतरू शकतो. चार-सहा दुरुस्त्यांनंतर मात्र ती मुभा संपते. मग तळ पुरेसा खोल करून त्यावर कठीण बिडाची वेगळी पाटी स्क्रूने बसवीत, तिला फॉल्स फेस म्हणत. वेल्डिंगने भर घालण्याचा मार्ग या कामी चालत नसे. बीड वेल्ड करताना जोडाजवळचा भाग काचेसारखा कठीण आणि ठिसूळ होतो, त्यावर स्क्रेपर चालत नाही आणि थंड होताना तडा जाण्याची भीती असते.

यंत्राने सपाटी करण्याच्या कलेचा जन्मही याच व्हॉल्व्हशी जोडलेला आहे. लीड्सच्या मॅथ्यू मरे यांनी आपल्या इंजिनांचे व्हॉल्व्ह सपाट करण्यासाठी १८१४ च्या सुमारास एक रंधायंत्र वापरात आणले होते आणि ते परक्यांच्या नजरेआड कुलूपबंद खोलीत ठेवले होते. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स यांचे १८१७ चे प्लेनर आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. भोकाच्या आत खाच पाडणारे स्लॉटिंग मशीनही रॉबर्ट्स यांनीच १८२० च्या दशकात वापरात आणले. जेम्स नॅस्मिथ यांचा शेपर १८३६ चा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत निबंध वाचून खऱ्या सपाटीची रीत मांडली. तीन प्लेटा घ्यायच्या आणि त्या आळीपाळीने एकमेकींशी जुळवून खरवडायच्या. दोनच प्लेटा जुळवल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट राहून फसवू शकतात. तिसरी आली की तिन्ही सपाट झाल्याशिवाय एकमेकींशी जुळत नाहीत. एमरीने घासून सपाटी करण्याला व्हिटवर्थ यांचा विरोध होता, कारण एमरीचा कण कुठे किती खाईल यावर कारागिराचा ताबा राहत नाही. हिंगणघाटच्या मिस्त्रीच्या हातातली लहान प्लेट अशाच तीन प्लेटांच्या वंशातली होती.

प्लेनर आणि शेपर या दोन्ही यंत्रांत काम यंत्रावर आणून बांधावे लागते. सिलिंडर पायापासून उचलणे शक्य नसे तिथे ती निरुपयोगी ठरत. ही अडचण रेल्वेने आधी ओळखली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अंडरवुडसारख्या कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलवता येणारी बोअरिंगची आणि पोर्ट फेस कापण्याची यंत्रे बनवली. पेटीच्या झाकणाचे जे स्टड असतात त्यांवरच यंत्राची चौकट बांधायची आणि फिरता कटर तळावर सरकवायचा. झाकणाचा जोड न झिजलेला असतो, त्यामुळे यंत्राला आधार आणि मापाला मूळ पातळी या दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात. शेवटचा हात तरीही स्क्रेपरचाच राही.

रेल्वेच्या वर्कशॉपांत आतल्या सपाटीचे आणखी एक मोठे काम असे. जीआयपीचे परळ वर्कशॉप १८७९ मध्ये सुरू झाले, आणि त्या मार्गावरच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती तिथे होई. लोकोमोटिव्हच्या जाड पोलादी चौकटीला खालून चौकोनी खाचा असतात. त्यांत ॲक्सल-बॉक्स वरखाली सरकतात. खाचेच्या दोन उभ्या आतल्या सपाट्यांना हॉर्न म्हणतात. रुळाच्या प्रत्येक सांध्यावर बॉक्स या सपाटीवर आपटतो आणि घासतो. फट वाढली की इंजिन ठोकू लागते, चाकांचा आस सिलिंडरच्या रेषेशी काटकोनात राहत नाही आणि जोडदांड्यांच्या बुशांवर ताण येतो. वीस-तीस फूट लांबीची चौकट मशीनवर चढवणे सोपे नाही, म्हणून हॉर्नच्या खाचेत उभे करून चालवायचे ग्राइंडर निघाले. इथेही माप घेताना हॉर्नवर विसंबत नसत. दोन्ही सिलिंडरांच्या मध्यरेषेत तार ताणीत आणि तिथून गुण्या व ट्रॅमलने प्रत्येक हॉर्नचे अंतर काढीत. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील स्विंडनच्या वर्कशॉपात तारेऐवजी झाइस कंपनीची दुर्बिणीसारखी प्रकाशीय साधने आली.

तापवलेल्या कोरड्या वाफेचा वापर वाढला तसा लोकोमोटिव्हमधला सपाट व्हॉल्व्ह मागे पडला. त्या उष्णतेत तेलाची साय टिकत नाही, त्यामुळे गोल पिस्टन व्हॉल्व्ह आले आणि पोर्ट फेसची जागा लाइनरने, म्हणजे आत बसवलेल्या नळीने, घेतली. पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज लाइन १९१७ मध्ये सुरू झाली. तिच्यासारख्या फाट्यांवर वाफ मात्र आणखी अनेक दशके टिकली आणि तिच्याबरोबर हॉर्न, बुश आणि स्क्रेपरची कामेही टिकली. शेजारच्या यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवर मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. सत्तर वर्षे चाललेल्या इंजिनात मूळचे किती लोखंड उरले असेल, हा प्रश्न दुरुस्तीकारांच्या कष्टांची कल्पना येण्यास पुरेसा आहे.

गावोगावच्या जिनांत मात्र सर्वांत जास्त वेळा आलेले काम चावीच्या खाचेचे होते. अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी यांनी १८४० साली काढलेल्या रोलर जिनच्या धर्तीवरचे डबल रोलर जिन या भागात रुळले. चामड्याचे रोलर आणि त्यांना टेकलेल्या सुऱ्या सरकीवरून रुई ओढून घेतात. रांगेने मांडलेल्या या जिनांना एका लांब लाइन शाफ्टवरून पट्ट्यांनी गती मिळे. शाफ्टवर अनेक पुल्या असत आणि प्रत्येक पुली एका चावीने शाफ्टला जखडलेली. चावी म्हणजे पोलादाची चौकोनी पट्टी, अर्धी शाफ्टच्या खाचेत आणि अर्धी पुलीच्या भोकातल्या खाचेत. रुई अडकून जिन दाटला की सगळा झटका या चावीवर येतो. एकदा का ती हजारांश इंचाने सैल झाली की दर झटक्याला खाचेच्या भिंतीवर ठोका बसतो, भिंत दबते, फट वाढते आणि ठोका आणखी जोरात बसतो. असे काही आठवडे चालले की चौकोनी खाच समलंबासारखी होते.

शाफ्टवरची खाच बाहेरून दिसते, ती नीट करता येते. पुलीच्या भोकातली खाच म्हणजे खरी आतली सपाटी: तळ सपाट, दोन भिंती समांतर, आणि हे सगळे दोन-तीन इंच व्यासाच्या, सहा-आठ इंच लांब भोकात. स्लॉटर असेल तर पुली त्याच्या गोल टेबलावर बसते आणि उभे टूल वरखाली चालून खाच कापते. पुली चार-पाच फूट व्यासाची निघाली तर लहान स्लॉटरच्या घशात ती मावत नाही. मग अरुंद तोंडाची छिन्नी, पातळ कानस आणि मिस्त्रीचा धीर एवढेच उरते. आधी झिजलेल्या भिंतींवरून खरी मध्यरेषा काढावी लागते. भोकाच्या ज्या टोकाला चावी कधी पोहोचतच नाही तिथे खाचेची मूळ रुंदी शाबूत असते, आणि तिथून दोन्ही बाजूंना रेघा मारता येतात. खाच रुंद करून भिंती सरळ केल्या की चावीही तेवढी रुंद लागते. शाफ्टची खाच जुन्याच मापाची असेल तर खालून अरुंद आणि वरून रुंद अशी पायरीची चावी घडवतात. भिंती फारच खचल्या असतील तर जुनी खाच तशीच सोडून पुली नव्वद अंश फिरवतात आणि नव्या जागी खाच पाडतात. झिजलेल्या जागेचा मोह सोडून कोऱ्या धातूत काम करण्याचा हा मार्ग अनेकदा सर्वांत टिकाऊ ठरला आहे.

चावीच्या खाचेचा तळ पूर्ण समांतर नसतो. ठोकून बसवायच्या चावीला उतार असतो, इंच-फुटाच्या मापात फुटाला एक अष्टमांश इंच. अष्टमांश इंचाला इकडच्या कारागिरांच्या बोलीत सूत म्हणतात, म्हणून मापही तोंडात सहज बसते: फुटाला एक सूत. पुलीच्या खाचेच्या तळालाही तेवढाच उतार लागतो. उतार जुळला नाही तर चावी एका टोकालाच धरते, ठोकताना घट्ट वाटते आणि आठ दिवसांत सुटते. यावर तोडगा पुन्हा शेंदुराचाच. चावीला शेंदूर लावून बसवायची, काढायची, आणि पूर्ण लांबीभर डाग उमटेपर्यंत तळ किंवा चावी कानसत राहायचे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या भागात शेपर पोहोचू लागले. त्याआधी अशी यंत्रे परदेशातून येत. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगरापासून सुरुवात करून यंत्रांपर्यंत मजल मारली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी निघाली. सातारा रोडच्या कूपर कारखान्याचे शेपर अनेक वर्कशॉपांत दिसत. पुढे बटाला आणि राजकोटच्या कारखान्यांनी शेपर व स्लॉटर इतके स्वस्त केले की तालुक्याच्या ठिकाणचा वेल्डिंग-लेथवालाही ते घेऊ शकला. १९५० पासून देशभर कारागीर प्रशिक्षण योजना आली, आणि आयटीआयमध्ये फिटर व मशिनिस्ट तयार होऊ लागले. कानशीने चौकोनी खाच पाडून तीत चौकोनी तुकडा प्रकाश न दिसेल असा बसवणे, हा तिथला धडा थेट या जुन्या कामातून आलेला आहे.

शेपरवर आतली खाच कापायची तर टूल रॅमच्या तोंडाला न लावता पुढे काढलेल्या जाड दांडीच्या टोकाला लावावे लागते. दांडी जितकी लांब तितकी ती वाकते, आणि हे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दांडीची लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच भाराला आठपट वाक येतो. परिणामी भोकाच्या एका तोंडाशी खाच खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ होते. म्हणून दांडी भोकात मावेल तेवढी जाड घ्यायची, कट हलका ठेवायचा आणि शेवटचे काही फेरे खोली न वाढवता तसेच चालवायचे. त्या फेऱ्यांत वाकलेली दांडी मोकळी होत जाते आणि राहिलेला धातू निघतो. अनुभवी मशिनिस्ट टूल उलटे लावून परतीच्या चालीत, ओढून कापतो, कारण ढकललेली बारीक दांडी लचकते आणि ओढलेली सरळ राहते. टूल मागे येताना वर उचलणारा क्लॅपर इथे जखडून टाकावा लागतो, नाहीतर टूल भोकात खेळते. बंद भोकात तर खाचेच्या शेवटी आधी एक ड्रिल मारून ठेवतात, म्हणजे कापलेल्या चिपला सुटायला जागा मिळते. हे सगळे पुस्तकात थोडक्यात येते. हाताला ते यायला वर्षे लागतात.

मोठ्या उत्पादनात या कामाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रोच मिळाला. अमेरिकेतील जॉन लापॉईंट यांनी तो ओढून चालवण्याचे यंत्र रूढ केले. एकापेक्षा एक किंचित उंच दात असलेली पट्टी भोकातून ओढली की एका चालीत खाच तयार होते. पण ब्रोच ठरलेल्या मापाचा असतो आणि झिजलेली खाच कधीच ठरलेल्या मापाची नसते. त्यामुळे दुरुस्तीत शेपर-स्लॉटर टिकून राहिले. नव्या कारखान्यांतून शेपर हद्दपार झाला तरी दुरुस्तीच्या वर्कशॉपात त्याची जागा अजून आहे.

तेलावरची इंजिने आल्यावर आतल्या सपाटीने आणखी एक रूप घेतले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ मध्ये सुरू झाली, आणि डिझेल इंजिन शेतापर्यंत आले. अनेक डिझेल इंजिनांच्या ब्लॉकमध्ये लाइनरची कॉलर एका गोल खाचेत, सपाट पायरीवर टेकते. ही पायरी गंजली किंवा खचली की लाइनर हलतो, हेड गॅस्केट जळते, तेलात पाणी जाते. पायरी अरुंद असते, बोअरच्या आत असते, आणि लाइनर ब्लॉकच्या वर किती शतांश मिलिमीटर डोकवावा हे ठरलेले असते. बोअरमध्ये मध्यभागी बसणाऱ्या हातकटरने ती पायरी थोडी उतरवायची आणि कॉलरखाली तेवढ्या जाडीची शिम घालायची, ही गॅरेजमधली रीत. ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या इंजिनांवर हे काम आजही होते.

कोळसा आणि पोलाद यांनी कामाचा आकारच बदलला. १९७५ साली स्थापन झालेल्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणींत चालणाऱ्या शोव्हेल आणि एक्स्कॅव्हेटरच्या बूमला दोन-दोन कान असतात. त्यांच्यातून पिन जाते. पिनचे भोक लंबगोल होते आणि कानांच्या आतल्या तोंडांचीही झीज होते. त्या दोन तोंडांमधले अंतर वाढले की बकेट आडवी डोलते. बूम खाणीतच ठेवून वेल्डिंगने भर घालतात आणि दोन्ही भोकांतून एक लांब बोअरिंग बार घालून भोक कापतात. मग त्याच बारवर फेसिंग हेड बसवून कानांची आतली तोंडे सपाट करतात. फेसिंग हेडमध्ये टूल प्रत्येक फेऱ्याला किंचित बाहेर सरकते. ही युक्ती जुनी आहे, एका दातेरी चाकाला प्रत्येक फेऱ्यात एक खुंटी लागते आणि स्क्रू तेवढा फिरतो. भोक आणि तोंड एकाच बारवर कापले गेल्याने दोन्ही आपोआप काटकोनात येतात.

वर्ध्याजवळ भूगाव येथे १९९० च्या दशकात लॉइड्स स्टीलचा कारखाना उभा राहिला. तो पुढे उत्तम गॅल्वा गटाकडे गेला आणि अलीकडे एव्होनिथ या नावाने चालतो. पट्टी लाटणाऱ्या अशा कारखान्यांत रोलिंग मिलचे हाउसिंग म्हणजे ओतीव पोलादाची एक अजस्र चौकट. तिच्या मधल्या उभ्या पोकळीला विंडो म्हणतात. रोलची दोन टोके धरणारे चॉक या विंडोत वरखाली सरकतात. तापलेली पट्टी रोलमध्ये शिरताना दर वेळी चॉक विंडोच्या भिंतीवर आदळतो. थंड करायचे पाणी आणि पट्टीवरची पापडी फटींत शिरते. भिंतीवर झीज सोसणाऱ्या लाइनर-पाट्या बोल्टने बसवलेल्या असतात आणि त्या बदलता येतात. पण पाणी पाटीमागे शिरून हाउसिंगचीच सपाटी खाते. पाटीला मागून पूर्ण टेक मिळाला नाही की बोल्ट तुटतात, चॉकला खेळ मिळतो, वरचा आणि खालचा रोल किंचित एकमेकांना छेदू लागतात आणि पट्टीची जाडी बिघडते.

हाउसिंग पायावरून हलवत नाहीत. विंडोच्या आत मावेल असे हलके मिलिंग मशीन तिथेच उभारतात आणि भिंत वरपासून खालपर्यंत कापतात. काम मिलच्या मोठ्या बंद-काळात, ठरलेल्या दिवसांत उरकावे लागते. पहिले दिवस मोजणीचेच असतात. लेझर ट्रॅकर लावून दोन्ही हाउसिंगच्या चारही भिंतींचे बिंदू घेतात. संदर्भ मात्र त्या भिंती धरता येत नाहीत. विंडोच्या वरच्या-खालच्या कोपऱ्यांत, जिथे चॉक कधी पोहोचला नाही, तिथे मूळ मशीन केलेली जागा सापडते. ती न सापडल्यास मिलची मध्यरेषा पायातल्या खुणांवरून काढतात. मग दोन्ही हाउसिंगच्या भिंती एकमेकींना समांतर आणि मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर येतील असा कमीत कमी कट ठरवतात. कटात जेवढा धातू गेला तेवढी जाड लाइनर-पाटी बनवून घेतात. पाटी बसवण्याआधी तिच्या पाठीला निळा रंग लावून हाउसिंगवर टेकवतात आणि डाग पूर्ण क्षेत्रावर उमटतो का ते पाहतात. उमटला नाही तर हातग्राइंडरने उंच जागा उतरवतात आणि पुन्हा पाहतात. शेवटी बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात, दोन पाट्यांमधले अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवतात, आणि चॉक आत घालून दोन्ही बाजूंची फट फीलर गेजने तपासतात.